जुनी डिझेल मोटार घेताना : बेताच्या भांडवलात भरवशाची गाडी कशी निवडावी?

दुकान पेठेत, माल ठेवण्याची खोली कोंढव्याला आणि गिऱ्हाईक हडपसरपासून सासवड-शिरवळपर्यंत पसरलेले, अशी पुण्यातल्या पुष्कळ लहान व्यापाऱ्यांची स्थिती आहे. फर्निचरवाला, वेल्डर, बेकरीवाला, गाद्या तयार करणारा, बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी कापड नेणारा, या सर्वांना दुचाकी अपुरी पडते आणि टेम्पो परवडत नाही. शिवाय गाडी अशी हवी की सकाळी तिच्यात धंद्याची हत्यारे जातील आणि संध्याकाळी घरची माणसे बसतील. अशा वेळी दोन-तीन लाख रुपयांत जुनी डिझेल मोटार घेण्याचा विचार मनात येतो. विचार चुकीचा नाही. मात्र जुनी डिझेल गाडी नीट पारखून घेतली तर ती कमावती होते, आणि न पारखता घेतली तर दुकानाचे भांडवल गॅरेजमध्ये जाते.

आधी हिशेब, मग गाडी

डिझेल स्वस्त, म्हणून डिझेल गाडी फायद्याची, हे समीकरण जुन्या काळचे आहे. त्या वेळी सरकार डिझेलचा दर मुद्दाम कमी ठेवीत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोल-डिझेलमधील अंतर घटले. २०२५ मध्ये पुण्यात पेट्रोल लिटरला सुमारे १०४ रुपये आणि डिझेल सुमारे ९० रुपये होते. म्हणजे आज डिझेलचा खरा फायदा दरापेक्षा जास्त अंतर कापण्यात आहे.

याच दराने हिशेब मांडून पाहू. पेट्रोल गाडी लिटरला १४ किलोमीटर आणि तशीच डिझेल गाडी १८ किलोमीटर चालते असे धरू. रोज ६० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे महिन्याला १,५०० किलोमीटर झाले. पेट्रोलचा खर्च सुमारे ११,१०० रुपये येतो, डिझेलचा ७,५०० रुपये. महिन्याला साधारण ३,६०० रुपये वाचले, वर्षाला ४३ हजार. पण गाडी महिन्याला ५०० किलोमीटरच फिरणार असेल तर बचत १,२०० रुपयांच्या आसपास राहते. डिझेल इंजिनात तेल जास्त लागते, फिल्टर महाग असतात आणि एखादा इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला की काही हजारांचे काम निघते. तेवढ्यात ही बचत संपते. म्हणून ज्यांची धाव महिन्याला हजार किलोमीटरच्या आत आहे त्यांनी पेट्रोल किंवा सीएनजीच पाहावी. सीएनजी शहरात स्वस्त पडते, पण टाकी डिकीची जागा खाते, पंपावर रांगेत वेळ जातो आणि भरल्या गाडीने दिवे घाट किंवा खंबाटकी चढताना ताकद कमी पडते. ज्यांना सामान घेऊन लांब जायचे आहे त्यांच्यासाठी डिझेल अजूनही उपयोगी आहे.

कोणत्या सालची घ्यावी?

डिझेल गाड्यांचे तीन गट लक्षात ठेवावेत. पहिला गट जुन्या साध्या इंजिनांचा. १९९८ च्या अखेरीस टाटांनी पिंपरीत तयार केलेली इंडिका आणली. तिचे १,४०५ सीसीचे डिझेल इंजिन साध्या यांत्रिक पंपावर चालणारे होते आणि कोणताही हाताचा मेस्त्री ते खोलत असे. पण त्या गाड्यांचे वय आता फार झाले आहे.

दुसरा गट कॉमन रेल इंजिनांचा. यात डिझेल फार मोठ्या दाबाने आणि संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून फवारले जाते. धूर कमी, आवाज कमी, ॲव्हरेज चांगला. पुणे शहरात भारत स्टेज ४ हे धूर-मानक २०१० मध्ये लागू झाले, संपूर्ण देशात एप्रिल २०१७ मध्ये.

तिसरा गट १ एप्रिल २०२० नंतरचा, भारत स्टेज ६ चा. त्यात सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर एकसारखी पळवावी लागते. केवळ पेठेत फिरणाऱ्या गाडीचा हा फिल्टर तुंबतो आणि त्याचे काम महाग असते.

बेताच्या भांडवलासाठी दुसऱ्या गटातील, साधारण २०१३ ते २०१९ या काळातील लहान गाडी योग्य ठरते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५ हजार रुपये झाले आणि पर्यावरण कर वेगळा. म्हणून नोंदणीची किमान पाच-सहा वर्षे शिल्लक असलेली गाडी घ्यावी.

भरवशाची इंजिने

पुणेकरांच्या दृष्टीने पहिले नाव फियाटच्या १,२४८ सीसी मल्टिजेट इंजिनाचे. हे इंजिन आपल्या जवळच रांजणगावला तयार होत असे. मारुती ते परवान्यावर मानेसरला बनवीत असे. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, इंडिका व्हिस्टाचे काही प्रकार, झेस्ट, फियाट पुंटो आणि लिनिया या सर्वांत हेच इंजिन होते. त्यामुळे सुटे भाग नाना पेठेत सहज मिळतात आणि हे इंजिन जाणणारे मेस्त्री प्रत्येक भागात आहेत. २०२० मध्ये मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या, तरी रस्त्यावरील गाड्यांची संख्या पाहता भागांची अडचण नाही. याच्या ७५ अश्वशक्तीच्या प्रकारात साधा टर्बो आहे, ९० अश्वशक्तीच्या प्रकारात गुंतागुंतीचा. धंद्यासाठी पहिला पुरेसा आहे. यात टायमिंगची साखळी असते. मात्र तेल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती सैल पडते आणि इंजिन चालू करताच खडखडते.

दुसरे नाव टोयोटा इटिओस व लिव्हाच्या १,३६४ सीसी इंजिनाचे. जोर बेताचा, पण टिकाऊ. तेही साखळीचे. यातील बऱ्याच गाड्या टॅक्सी म्हणून धावलेल्या असतात, हे ध्यानात ठेवावे. तिसरी गाडी महिंद्र व्हेरिटो, म्हणजे पूर्वीची लोगन. दिसायला साधी, पण डिकी मोठी आणि १,४६१ सीसीचे इंजिन कमी डिझेल पिणारे. यात साखळीऐवजी टायमिंग बेल्ट असतो. तो ठरलेल्या अंतराला बदललाच पाहिजे. चालू गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनचे मोठे काम निघते. बेल्ट बदलल्याचे बिल दाखवता येत नसेल तर तो बदललेला नाही असेच समजावे आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करावी.

भारतातून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस येथील विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. अशी गाडी घेण्यापूर्वी आपल्या मेस्त्रीला भागांविषयी विचारावे. फिल्टर आणि ब्रेकचे सामान मिळते, पण दरवाजा, दिवा किंवा संगणकाचा भाग शोधताना गाडी आठवडाभर उभी राहू शकते.

गाडी पाहायला गेल्यावर

गाडी सकाळी, थंड असताना पाहावी. विकणाऱ्याला आधी सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावावा. गरम लागला तर काहीतरी झाकायचे आहे, असा संशय घ्यायला जागा आहे. चांगले इंजिन पहिल्या-दुसऱ्या फिरकीत चालू होते. उशीर लागला तर बॅटरी, हीटर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी कमकुवत आहे.

मग धूर पाहावा. एक्सिलेटर जोरात दाबल्यावर क्षणभर काळा धूर आला तर चालते. सतत काळा येत असेल तर इंजेक्टर, एअर फिल्टर किंवा टर्बोच्या नळीत दोष आहे. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जळत आहे, रिंग झिजल्या किंवा टर्बो गळतो. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

इंजिन चालू असताना तेलाचे झाकण सैल करून पाहावे. वाफेचा जोरदार भपका आणि तेलाचे थेंब बाहेर येत असतील तर पिस्टन-रिंगचे आयुष्य संपत आले आहे. तेल काळे दिसले म्हणून घाबरू नये. डिझेल इंजिनात नवे तेलही लवकर काळे पडते. पण ते दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे, ती गाडी सोडावी.

चालवून पाहणे पाच मिनिटांचे नसावे. कात्रजच्या चढावर दोन-तीन माणसे बसवून न्यावी. क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही. टर्बोची तीव्र शिट्टी, गिअर बदलताना खरखर, ब्रेक लावताच एका बाजूला ओढ, हे सारे चढ-उतारावरच कळते.

मीटरवर विश्वास ठेवू नये. ते मागे फिरवता येते. सहा वर्षांची डिझेल गाडी ३५ हजार किलोमीटरच चालली असे कोणी सांगितले तर पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि सर्व्हिसची बिले पाहावीत. कमी चालणारा माणूस सहसा डिझेल घेत नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी हा मोठा धोका आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २५ सप्टेंबर २०१९ रोजी पुण्यात आंबिल ओढ्याचा परिसर आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्याखाली गेली. अशी गाडी वरून चकाचक करून विकली जाते. तिचे गालिचे उचलावेत, सीटच्या रुळांवरचा गंज पाहावा, सीटबेल्ट पूर्ण ओढून मातीची रेघ शोधावी. वायरिंगमध्ये शिरलेले पाणी वर्षभर त्रास देते.

शेवटी, ज्याचे विकणाऱ्याशी नाते नाही अशा मेस्त्रीला हजार-दोन हजार देऊन न्यावे. संगणक लावून इंजिनच्या नोंदी वाचून घ्याव्यात. हा खर्च वाया जात नाही.

कागदपत्रे : येथेच जास्त फसगत होते

इंजिन बिघडले तर पैसे जातात. कागद बिघडले तर पैसे जातात आणि वर कोर्टाच्या फेऱ्या पडतात. पुढील गोष्टी इसार देण्यापूर्वी पाहाव्यात.

१. आरसीवरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी जुळवावेत. सरकारच्या वाहन पोर्टलवर मालकाचा क्रम, विमा, पीयूसी आणि थकलेली ई-चलने दिसतात.

२. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

३. गाडी पूर्वी टॅक्सी होती का, हे पाहावे. पिवळ्या पाटीची पांढरी करून घेतलेली गाडी वाईटच असते असे नाही, पण तिची किंमत कमी हवी.

४. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्तात दाखवल्या जातात. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर तेथे निर्बंध आले, त्यामुळे त्या इकडे येतात. त्यांना तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. हा खर्च मिळवल्यावर स्वस्ताई किती उरते ते मोजावे.

५. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरपाटी बसवलेली आहे का, हे पाहावे.

६. दलालाकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र आहे का ते विचारावे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना एप्रिल २०२३ पासून ते आवश्यक आहे.

सौदा झाल्यावर फॉर्म २९ व ३० वर दोघांच्या सह्या घेऊन संगम पुलाजवळील आरटीओत नाव बदलून घ्यावे. खरेदीदाराला त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. "नाव नंतर बदलू" हा व्यवहार दोघांनाही घातक आहे. अपघात झाल्यास ज्याचे नाव आरटीओत आहे तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून आपली जुनी गाडी विकणाऱ्या बांधवांनीही ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहून सही घ्यावी आणि नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

रोखीने धंदा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणावी. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. चेक किंवा बँकेमार्फत पैसे द्यावेत. भांडण झालेच तर तोच पुरावा कामी येतो.

पैशाचे नियोजन

आपल्या अनेक वाचकांना व्याजाचे कर्ज टाळायचे असते. त्यांच्यासाठी जुनी गाडी सोयीची आहे, कारण ती साठवलेल्या पैशात बसते. पण सगळी साठवण गाडीतच घालू नये. तीन लाख जमले असतील तर गाडी अडीच लाखांचीच पाहावी. उरलेल्या पन्नास हजारांत नाव बदलणे, विमा, तेल-फिल्टर, चार टायर आणि पहिल्या सहा महिन्यांत निघणारे एखादे काम भागवावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो. किंमत ठरवताना हे विकणाऱ्याच्या कानावर घालावे.

गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तेल, तेलाचा फिल्टर, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलावेत. डिझेल नेहमी खपाच्या पंपावर भरावे. भेसळीचे किंवा पाणी मिसळलेले डिझेल कॉमन रेलच्या इंजेक्टरचा शत्रू आहे. लांबून पळवून आणल्यावर अर्धा मिनिट इंजिन तसेच चालू ठेवून मग बंद करावे, त्याने टर्बोचे आयुष्य वाढते. मागच्या सीट काढून गाडीचा टेम्पो करू नये आणि खासगी गाडीत भाड्याने माणसे किंवा माल नेऊ नये. अपघात झाला तर विमा कंपनी नेमके हेच कारण पुढे करते.

आणि स्वतःची गाडी विकायची वेळ येईल तेव्हा तिच्यातला दोष गिऱ्हाइकाला आधी सांगावा. मालाचा ऐब लपवून विकणे आपल्याकडे कधीही हलाल व्यवहार मानला गेलेला नाही, आणि बाजारात नाव टिकते तेही अशाच व्यवहाराने.