काकांची पद्मिनी, खडकीचा अंधार: जुन्या गाडीचे दिवे कसे सुधारायचे?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय दिव्यांचा आहे. दिवाळीच्या नाही, गाडीच्या.

माझ्या काकांकडे १९८३ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते ना? तीच गाडी. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. काकांची मात्र अजून दर रविवारी खडकी बाजारात भाजी आणायला जाते.

मागच्या पावसाळ्यात आम्ही येरवड्याहून होळकर पुलावरून खडकीत परत येत होतो. रात्रीचे नऊ, वर पाऊस, समोरून येणाऱ्या गाड्यांचे पांढरेफेक दिवे. झाडांच्या अंधारात शिरलो आणि मी ओरडले, "काका, सायकल!" गाडी थांबली. सायकलवाल्या आजोबांत आणि बंपरमध्ये जेमतेम हातभर अंतर होतं. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. घरी येईपर्यंत आम्हीही गप्प होतो.

आधी मोजलं

दुसऱ्या रात्री एका रिकाम्या मैदानात गाडी उभी केली. काका स्टिअरिंगवर बसले, दिवा डिपरवर. मी गडद कपडे घालून समोरून चालत दूर गेले. पंचवीसेक मीटरवर काकांनी हाक मारली, "आता दिसत नाहीस गं."

आता हिशोब करा. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर जुने ड्रम ब्रेक गाडी थांबवायला आणखी साधारण १२ मीटर घेतात. झाले २९. ताशी ६० ला हाच आकडा ५३ च्या आसपास जातो, आणि ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. म्हणजे काका चाळीसच्या वेगातसुद्धा दिसतं त्यापेक्षा जोरात चालवत होते. त्या रात्री आम्ही हळू होतो म्हणून वाचलो.

पहिली चूक आम्हीच केली

मला वाटलं, सोपं आहे, एलईडी बल्ब टाकू. ऑनलाइन मागवले, बसवले. भिंतीवर काय लख्ख उजेड! पण रस्त्यावर निघालो तर समोरचा प्रत्येक जण आम्हाला अप्पर-डिपर मारायला लागला. एका दुचाकीवाल्याने तर डोळ्यांवर हात धरला. आम्हाला जवळचा रस्ता चकचकीत दिसत होता, लांबचं मात्र पूर्वीइतकंच.

असं का होतं? हेडलाइटची वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, एका ठरावीक जागी असलेल्या छोट्याशा फिलामेंटसाठी घडवलेली असते. एच-४ हॅलोजनमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक बारीक पत्र्याची वाटी असते. ती खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपरचा झोत वर जात नाही. एलईडी बल्बमध्ये चिपची जागा आणि आकार जरा जरी वेगळा असला, तरी सगळा हिशोब बिघडतो. उजेड वाढतो, पण रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याला दिसावं म्हणून दुसऱ्याला आंधळं करणं याला सुधारणा म्हणत नाहीत. ते बल्ब काढून टाकले.

खरा दोष वायरिंगमध्ये

मग एका जुन्याजाणत्या वायरमनकाकांकडे गेलो. त्यांनी बल्बला हातच लावला नाही. मल्टिमीटर काढला. गाडी चालू, दिवे चालू. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, हेडलाइटच्या होल्डरवर ११.१.

मधले अडीच व्होल्ट गेले कुठे? साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे जवळपास १० अँपिअर करंट. जुन्या गाड्यांत तो सगळा बटणातून, डिपर स्विचमधून आणि चाळीस वर्षांच्या बारीक वायरीतून फिरून येतो. वाटेत एक चतुर्थांश ओहमचा रोध असला तरी अडीच व्होल्ट उष्णतेत जातात. आणि फिलामेंट फार नाजूक प्रकरण आहे. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड सुमारे ३० टक्के घटतो. आमच्याकडे घट १८ टक्के होती, म्हणजे उजेड जवळपास निम्मा. बल्ब बिचारा उपाशी होता!

इलाज दोन.

एक, रिले. रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. जुनं बटण फक्त रिलेला इशारा देतं, जेमतेम थोडा करंट. बल्बचा मोठा करंट बॅटरीतून जाड वायरीने थेट जातो. अप्परला एक, डिपरला एक, असे दोन रिले. ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून वायर, ८७ वरून बल्बला, ८५ आणि ८६ पैकी एक जुन्या बटणाच्या वायरीला, दुसरी अर्थला. वायर २.५ चौरस मिलिमीटरची. प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीजवळच. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आधी फ्यूज उडाला पाहिजे, गाडी नाही पेटली पाहिजे. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं टर्मिनल काढायचं, हे सांगायला नको.

दोन, अर्थिंग. करंट गेला तसा परतही यायला हवा. हेडलाइटची अर्थ वायर गंजलेल्या, रंग चढलेल्या पत्र्यावर स्क्रूने आवळलेली असते. तिथला रंग खरवडा, नवं थिंबल लावा, किंवा थेट बॅटरीपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढा.

एवढं झाल्यावर होल्डरवर १३.२ व्होल्ट आले. नवा बल्ब नाही, नवी काच नाही, तरी काका म्हणाले, "अगं, ही माझीच गाडी आहे ना?"

तुमची गाडी आणखी जुनी असेल तर आधी तीन गोष्टी बघा. व्होल्टेज किती? युद्धकाळातली विलीज जीप ६ व्होल्टची असते, लष्करातून आलेल्या काही गाड्या २४ व्होल्टच्या. अर्थ निगेटिव्ह की पॉझिटिव्ह? काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह असतो. आणि अल्टरनेटर आहे की डायनॅमो? डायनॅमो आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही, त्यामुळे सिग्नलला दिवे मंद होणारच.

मग काच आणि बल्ब

रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल तर कितीही वीज द्या, उपयोग नाही. अँबॅसडर, जीप, बुलेट अशा बऱ्याच जुन्या वाहनांत ७ इंची गोल दिवा असतो, आणि त्या मापाचं एच-४ साठीचं पूर्ण युनिट मिळतं. आपल्या गाडीचं माप मोजूनच घ्या. आत ६०/५५ वॉटचाच बल्ब घाला. १००/९० च्या मोहात पडू नका. होल्डर वितळतो आणि समोरच्याला त्रास होतो.

एक गंमत लक्षात ठेवा. आपण डावीकडून चालवतो, म्हणून आपल्या डिपरचा झोत डाव्या बाजूला किंचित वर चढतो, म्हणजे कडेचे पादचारी दिसतात. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठीची काच लावली तर तोच झोत समोरच्या गाडीत शिरतो.

जुनं युनिट फेकू नका, खोक्यात जपून ठेवा. ५० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे. तिथे गाडी मूळ रूपात असावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनमानी बदलांना आळा घालतं, आणि केंद्रीय नियमांनुसार डिपरने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत. मोठा बदल करायचा तर आधी आरटीओत विचारा.

भिंतीवरचा धडा

शेवटचं काम फुकटचं आहे. सपाट जमीन, टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हर जागेवर, समोर १० मीटरवर भिंत. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. दिव्याच्या रिंगमागचे स्क्रू फिरवून जुळवायचं. हे न करता नवीन दिवे लावणं म्हणजे चष्मा घेऊन तो कपाळावर ठेवणं.

मागचे दिवेही विसरू नका. साध्या बल्बला पूर्ण पेटायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, एलईडीला जवळपास शून्य. ताशी ८० ला तेवढ्यात मागची गाडी साडेचार मीटर पुढे येते. त्यामुळे ब्रेक लाइटला चांगला एलईडी बल्ब खरोखर कामाचा. लाल काचेमागे लाल एलईडीच घ्या. टेल आणि ब्रेकच्या उजेडात फरक स्पष्ट दिसतो ना, हे मागे उभं राहून तपासा. इंडिकेटरला एलईडी लावला तर जुना फ्लॅशर नीट लुकलुकत नाही, तो इलेक्ट्रॉनिक घ्यावा लागतो.

सगळं झाल्यावर आम्ही परत त्याच मैदानात गेलो. तेच कपडे, तोच डिपर. या वेळी मी पन्नास मीटरच्या पुढे गेल्यावर काकांची हाक आली. पंचवीसचे पन्नास झाले, तेही समोरच्याचे डोळे न दिपवता.

तेव्हा क्रम पाठ करा: अर्थिंग, रिले, काच, बल्ब, आणि शेवटी भिंत. घरात आजोबांची, काकांची जुनी गाडी असेल तर या रविवारी एक मल्टिमीटर घेऊन तिच्याजवळ जा. होल्डरवर किती व्होल्ट मिळाले ते आम्हाला नक्की कळवा.

ते सायकलवाले आजोबा अजून त्या रस्त्याने जातात. परवा रात्री काकांना ते लांबूनच दिसले. काकांनी वेग कमी केला, आजोबा निवांत पुढे गेले. भेटू पुढच्या भागात!