धामापूरचा बांध आणि रस्त्याकडेचा फलक
एखादी वास्तू कोणी उभारली, एखाद्या जागी पहिली वस्ती कोणाची झाली किंवा कोणते दान कोणाला मिळाले, हे त्याच जागी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशा रीतीने नोंदवून ठेवण्याची पद्धत कोकणात रस्त्याकडेच्या पत्र्याच्या फलकांहून कितीतरी जुनी आहे. अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेख, ज्याचा काळ अनेक अभ्यासक शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ असा वाचतात, हा शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातील दानलेख असून, दान चंद्रसूर्य असेपर्यंत अबाधित राहावे या भावनेने त्याच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्याला तर अक्षरांचीही गरज पडलेली नाही. त्याच्यावरील गणपती, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग यांच्या आकृती पाहून २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या उभारणीपूर्वी शिवाजी महाराजांनी जेथे पूजन केले ती ही जागा, हे मालवणात सर्वांना कळते.

याच मालवण तालुक्यात, कुडाळहून नेरूरपार आणि काळसेमार्गे मालवणला जाणाऱ्या रस्त्यावर धामापूरचा तलाव आहे. दोन डोंगरांमधली खिंड सुमारे ११ मीटर उंच आणि २७१ मीटर लांब अशा मातीच्या बांधाने अडवून तो तयार झाला असून काठावर भगवतीचे मंदिर आहे. विजयनगरचे मांडलिक, म्हणजे त्या साम्राज्याचे अधिपत्य मानणारे स्थानिक सत्ताधीश, नागेश देसाई यांनी १५३० मध्ये तो बांधला अशी नोंद सर्वत्र दिली जाते. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. शंभर वर्षांहून जुन्या बांधकामांसाठी असलेला हा बहुमान त्याच वर्षी आंध्र प्रदेशातील कंबम तलाव, पोरुमामिल्ला तलाव आणि कर्नूल-कडप्पा कालवा यांनाही मिळाला.

या यादीतील पोरुमामिल्लाचे नाव धामापूरच्या दृष्टीने फार मोलाचे आहे, कारण तोही विजयनगरकालीन तलाव असून त्याच्याजवळच्या शिलालेखाला जुन्या काळातील तलावशास्त्राचा पाठच म्हणावे लागेल. बुक्करायाचा पुत्र भास्कर याने १३६९ मध्ये कोरविलेल्या या संस्कृत लेखात दाता आणि तिथी तर आहेतच. शिवाय तलाव आणि बांध यांवर दररोज एक हजार मजूर कामाला होते, दगड वाहण्यासाठी शंभर गाड्या होत्या आणि काम दोन वर्षे चालले, हेही नमूद आहे. उत्तम तलावाची बारा साधने त्यात सांगितली आहेत, त्यांत जलविद्या जाणणारा विद्वान, घट्ट माती, डोंगरांच्या मधोमध फार लांब नसलेला पण भक्कम बांध आणि कुशल कारागिरांचा समूह येतो. पुढे सहा दोष येतात, ज्यांत बांधातून पाणी पाझरणे, खारट जमीन आणि थोडे पाणी असून भिजवायचे क्षेत्र मोठे असणे यांचा समावेश आहे. हा लेख वाचून धामापूरच्या बांधावर उभे राहिले की दोन डोंगरांमधली ती जागा का निवडली असावी, याचा उलगडा होतो.

धामापूरची प्रचलित नोंद मात्र एका नावावर आणि एका सालावर थांबते, आणि त्या एका ओळीतही एक गाठ आहे. १५३० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती जाऊन वीस वर्षे झाली होती आणि कोकणपट्टीच्या मोठ्या भागावर विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता. अशा काळात विजयनगरचा मांडलिक येथे तलाव बांधतो, याचा अर्थ सत्तांच्या त्या सरमिसळीतून लावावा लागतो. शिवाय मातीचा बांध एकट्या सत्ताधीशाने उभा राहत नाही. त्यासाठी माती वाहणारे, ती थराथराने चोपणारे, पुढे दर पावसाळ्याआधी बांधाची डागडुजी करणारे आणि पाटाचे पाणी वाटून घेणारे हात लागतात. दक्षिण कोकणात गावऱ्हाटी, म्हणजे गावकार आणि मानकरी यांच्या मार्फत देवस्थान व गाव यांचा कारभार चालविण्याची रीत, आजही जिवंत आहे. गाव प्रथम वसविणाऱ्या मूळपुरुषाचे स्मरण तीत मानाने होते. बांध घालणाऱ्या आणि राखणाऱ्या श्रमकऱ्यांना मात्र असे स्थान मिळालेले नाही, आणि ही उणीव खरोखर मोठी आहे.

म्हणून धामापूरच्या रस्त्याकडेचा फलक पोरुमामिल्लाच्या धर्तीचा हवा. बांधाची लांबी-उंची, पाणी कोठून येते, कोणत्या शेतांना आणि माडबागांना जाते, काठचे जंगल तोडले तर गाळ कसा वाढतो, हे सारे त्याच्यावर साध्या मराठीत यावे. आणि नागेश देसाई यांच्या नावाखाली, नावे उरली नसली तरी, गावच्या श्रमकऱ्यांचा उल्लेख यावा. अशाच मजकुराचा दुसरा फलक मालवण शहरातही लावणे योग्य ठरेल, कारण तेथील नळपाणी योजनेला पाणी याच तलावातून मिळते.