ठासणीच्या रायफलीचे माप

हिजरी १०७४ मध्ये, म्हणजे इ. स. १६६३-६४ साली, बऱ्हाणपुरात ‘मुल्क हैबत’ नावाची तोफ ओतण्यात आली. पुढे ती अशीरगडावर होती. गोळा ३५ शेर, दारू १२ शेर, वजन शहाजहानी, हे तिच्या अंगावरच कोरलेले होते. राज्ये बदलली, गोलंदाज बदलले. माप तोफेपाशीच राहिले.

कारखान्याने बनविणे बंद केलेल्या लहान नळीच्या ठासणीच्या रायफलीची गोष्ट निराळी. तिचे माप छापील पुस्तिकेत असते, आणि पुस्तिका हरवते. जुन्या विलायती नळीवर आकडा आढळला, तरी तो बहुधा दारूचा नसतो. एक पौंड शिशाच्या नळीत बसतील अशा किती गोळ्या होतात, एवढेच तो सांगतो. तोफेचे प्रमाणही येथे लावू नये. ०.३२ इंची नळीची गोळी जेमतेम ३ ग्रॅमची. दारू वाजवीपेक्षा अधिक झाली, तर डोळ्याजवळच नळी फुटण्याचे भय.

म्हणून त्याच कारखान्याची, त्याच नमुन्याची पुस्तिका मिळवावी आणि परवानाधारक कारागिराकडून नळी तपासून घ्यावी. दारू शोरा, कोळसा व गंधक यांची काळीच हवी. बिनधुराच्या दारूचा दाब अशा नळीला सोसवत नाही. माप हाती येईपर्यंत रायफल ठासू नये, हेच शहाणपणाचे.