मराठी भयपटातील दृश्य-परिणाम : प्रत्यक्ष साधने आणि संगणकनिर्मित प्रतिमा

प्रस्तावना

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव ‘भय’ असा सांगितला आहे. भय उत्पन्न करणारे कारण म्हणजे विभाव, तर कंप, स्वरभेद, मुखवैवर्ण्य इत्यादी त्याचे दृश्य परिणाम म्हणजे अनुभाव होत. चित्रपटात हा विभाव दोन मार्गांनी निर्माण करता येतो. रंगभूषा, कृत्रिम त्वचा, बाहुली, यांत्रिक प्राणी, लघुप्रतिकृती यांद्वारे तो कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष उभा करणे हा पहिला मार्ग, आणि चित्रीकरणानंतर संगणकावर तो रेखाटणे हा दुसरा. अभिजात भयपटांचे रसिक पहिल्या मार्गास श्रेष्ठ मानतात. हे मत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात मराठी परंपरेच्या आधारे केला आहे.

पूर्वपरंपरा

दृश्यचमत्कृती ही मराठी माणसाने चित्रपटाच्या आरंभापासूनच हाताळलेली कला आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये हनुमंताचे उड्डाण पडद्यावर दाखविले. बाबूराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’ (१९२०) मधील कीचकवधाचे दृश्य इतके भीषण होते की त्यास सेन्सॉरची कात्री लागली. प्रभातच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो भिंगातून राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवून दहशत निर्माण केली. तेथे कोणतीही कृत्रिम आकृती नव्हती. भिंग हेच साधन होते.

हेच तंत्र निराळ्या रसाचीही निष्पत्ती करू शकते. प्रभातच्याच ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्ये ज्ञानेश्वरांची भूमिका अहमदनगर येथे जन्मलेल्या शाहू मोडक यांनी केली. ज्या जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यातील हा नट होय. या चित्रपटातील चालणारी भिंत प्रेक्षकांस भयभीत करीत नाही, तर विस्मित करते. याचा अर्थ असा की, रस हा तंत्रात नसून त्या तंत्राच्या योजनेत असतो.

‘झपाटलेला’ : बाहुलीचे सामर्थ्य

१९९३ हे वर्ष या चर्चेत विशेष महत्त्वाचे ठरते. याच वर्षी ‘ज्युरासिक पार्क’ ने संगणकनिर्मित प्राण्यांचे युग सुरू केले आणि याच वर्षी महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ प्रदर्शित झाला. मानवी रूपातील तात्या विंचू दिलीप प्रभावळकर यांनी साकारला, तर त्याचा आत्मा ज्या बाहुलीत शिरतो ती बाहुली शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची होती. वडील य. के. पाध्ये यांच्या अर्धवटरावापासून चालत आलेली घराण्याची कला येथे भयपटाच्या उपयोगी पडली.

लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासमोर पाहावयास, पकडावयास व झटकावयास एक वस्तू प्रत्यक्ष होती. त्यामुळे नटाची नजर नेमक्या ठिकाणी स्थिरावते. वस्तूचे वजन त्याच्या हातांत दिसते. एकच प्रकाश नटावर व बाहुलीवर पडतो. बाहुलीच्या हालचालींना मर्यादा असतात हे खरे. परंतु या मर्यादेमुळेच कॅमेऱ्याचा कोन, ध्वनी व संकलन यांचा आधार घ्यावा लागतो. ‘जॉज’ (१९७५) मधील यांत्रिक शार्क वारंवार बिघडल्याने तो कमी दाखविला गेला आणि त्यातून भय वाढलेच.

संगणकनिर्मित प्रतिमेची बाजू

संगणकनिर्मित प्रतिमेत प्रकाश, सावली, वजन व स्पर्श यांची गणना करावी लागते. त्यांपैकी एकही घटक चुकल्यास प्रेक्षकास कारण सांगता आले नाही तरी खोटेपणा जाणवतो. १९८२ च्या ‘द थिंग’ मधील रॉब बॉटिन यांची घृणाजनक रूपे आजही परिणामकारक वाटतात. २०११ च्या त्याच नावाच्या चित्रपटात मात्र प्रत्यक्ष तयार केलेल्या आकृत्यांपैकी बहुतेकांवर संगणकीय प्रतिमा चढविण्यात आल्या व त्याबद्दल रसिकांनी नाराजी व्यक्त केली.

तथापि यावरून संगणकास दोषी ठरविणे योग्य नाही. नटासमोर वस्तू नसणे हा मूलतः दोष नव्हे. आपल्या तमाशातील व दशावतारातील नट रिकाम्या जागेतच वन, रथ व राजवाडा उभा करतात. शिवाय जुन्या काळातील ओबडधोबड मुखवटे विस्मरणात जातात आणि उत्तम तेवढे स्मरणात राहतात, ही गोष्टही तुलना करताना ध्यानात घेतली पाहिजे.

‘तुंबाड’ : समन्वयाचा आदर्श

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट असला, तरी त्याची भूमी कोकणातील व प्रेरणा नारायण धारप यांच्या कथाविश्वातील आहे. त्याचे चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले. पुढे २०१५ मध्ये बराच भाग पुन्हा चित्रित करण्यात आला. पांडुरंगाची भूमिका करणाऱ्या मोहम्मद समद या बालनटानेच कृत्रिम त्वचेच्या रंगभूषेत शापित वृद्धाही साकारली. खरा पाऊस, खरे वाडे व रंगभूषा हा पाया, आणि प्रत्यक्षात अशक्य ते पूर्ण करण्यापुरता संगणक, अशी येथील योजना आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुनःप्रदर्शित झाल्यावर त्यास पहिल्या वेळेपेक्षा मोठा प्रतिसाद लाभला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ‘प्रत्यक्ष की संगणकीय’ हा प्रश्नच अपुरा आहे. नटाचा अनुभाव विभावाशी जुळतो काय आणि दाखविणे व लपविणे यांचा तोल साधला आहे काय, हे भयपटाच्या आस्वादाचे खरे निकष होत. एक भेद मात्र शिल्लक राहतो. बाहुलीकार, रंगभूषाकार व कलादिग्दर्शक यांचे ज्ञान हातांत असते आणि ते हातांबरोबरच नाहीसे होते. ‘सैरंध्री’ आज पाहावयास उपलब्ध नाही. कीचकवध कसा साधला हे पडद्यावर पडताळून पाहण्याची संधी त्यामुळे कायमची गेली. म्हणूनच हयात कारागिरांच्या मुलाखती, साचे, रेखाटने व बाहुल्या यांची नोंद करणे हे चित्रपट-अभ्यासाचे निकडीचे कार्य आहे. महाविद्यालयीन चित्रपट मंडळांनाही ते आपल्या परिसरापासून सुरू करता येईल.