वळिवड्याची गोष्ट नातवंडांना सांगताना

गेल्या हिवाळ्यात ८६ वर्षांचे एक आजोबा आपल्या अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आले. आठवडाभर मुलाला धड झोप नव्हती, पोट दुखत होते, जेवण निम्म्यावर आले होते. तपासणीत काहीच आढळले नाही. आजोबांना बाहेर बसवून विचारले, तेव्हा मुलाने सांगितले की, मोबाईलवर त्याने हिटलरच्या छळछावण्यांतील प्रेतांची छायाचित्रे पाहिली होती. रात्री आपल्यालाही कोणी न्यायला येईल का, हा प्रश्न त्याने घरी कोणालाच विचारला नव्हता.

मी औषध लिहून दिले नाही. आजोबांचे बालपण वळिवड्याजवळ गेले होते हे मला ठाऊक होते. म्हणालो, "आजोबा, पोलंडच्या लोकांची गोष्ट ह्याला सांगितली आहे का कधी?"

कोल्हापूरच्या जुन्या मंडळींना ती गोष्ट माहीत असते. नातवंडांना बहुधा नसते. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे घरांतून उचलून, मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियाकडे आणि कझाकस्तानात धाडली गेली. भूक, थंडी आणि रोगराईने कित्येक दगावले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच चाल केल्यावर उरलेल्यांची सुटका झाली आणि त्यांतील काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, मुख्यतः स्त्रिया आणि मुले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, इस्पितळ होते. ते गेल्यावर त्याच वसाहतीत फाळणीने घर हिरावलेली सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर ते हेच. आपण तेथे कापड घ्यायला जातो.

ही हकीकत मुलांना सनावळ्यांसह सांगितली तर ती जांभया देतात आणि छायाचित्रांसह दाखवली तर झोप गमावतात. कथा ही मधली वाट आहे. आपल्याच वयाच्या एका मुलीचे बोट धरून मूल त्या काळात शिरते, आणि भीती वाटली तर गोष्ट थांबवताही येते. आजोबांनी हान्या नावाची मुलगी कल्पिली. तिची आई घाईत काय बांधून घेते, डब्याच्या फटीतून तिला काय दिसते, वळिवड्याला उतरल्यावर उन्हाने ती कशी भांबावते, असे रोज थोडेथोडे सांगितले. माझ्या सूचना मोजक्याच होत्या: गोष्ट संध्याकाळी सांगावी, अंथरुणावर नको, हान्या शेवटी सुखरूप पोहोचते हे आरंभीच सांगून टाकावे, आणि मुलाने विचारले तेवढेच उत्तर द्यावे. आठ वर्षांखालील मुलांना मृत्यूचे तपशील सांगू नयेत, असे माझे मत आहे.

चौथ्या दिवशी आजोबांचा फोन आला. "डॉक्टर, हान्या खरी होती का, असं विचारतोय. पोराला खोटं सांगितलं की काय मी?"

प्रश्न रास्त होता. ऐतिहासिक कथेचा खरा धोका येथेच असतो. 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' ही कादंबरी जगभर वाचली जाते. तिच्यात आउशवित्झच्या कुंपणापाशी दोन मुले निवांत भेटत राहतात. प्रत्यक्षात तेथे आणलेल्या बहुतेक ज्यू मुलांना पोहोचताच ठार केले जाई. आउशवित्झच्या संग्रहालयानेच २०२० मध्ये हे पुस्तक टाळावे असे सुचवले. याउलट डेन्मार्कमधील ज्यूंच्या सुटकेवरील 'नंबर द स्टार्स' या कादंबरीत लेखिका लोइस लोरी यांनी शेवटी खरे काय आणि कल्पित काय, हे वेगळे सांगितले आहे. आजोबांनीही तसेच करावे, असे मी म्हटले. हान्या मनातली, मालगाडी, सायबेरिया आणि वळिवडे खरे.

वॉर्साच्या वस्तीत कोंडलेल्या अनाथ ज्यू मुलांचा सांभाळ करणारे यानुश कोरचाक हे बालरोगतज्ज्ञ होते. जुलै १९४२ मध्ये त्यांनी मुलांकडून रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक करवून घेतले. त्यातला आजारी अमल खिडकीत बसून जग पाहतो. पुढच्याच महिन्यात ती मुले आणि कोरचाक यांना त्रेब्लिंका येथे नेऊन मारण्यात आले. मुलांना मृत्यूविषयी सांगायला त्या डॉक्टरांना बंगालमधली गोष्ट हाताशी घ्यावीशी वाटली, हे मला वारंवार आठवते.

एक सूचना सांभाळ करणाऱ्यांना. ज्या वृद्धांनी फाळणी किंवा विस्थापन स्वतः सोसले आहे, त्यांना नातवंडांसाठी म्हणून बोलते करण्याचा आग्रह धरू नये. सांगता सांगता छातीत धडधडू लागले, हात कापू लागले, तर विषय तेथेच थांबवावा, पाणी द्यावे, जवळ बसावे. धडधड थांबली नाही किंवा छातीत दुखू लागले, तर डॉक्टरांना गाठावे. काहींनी आयुष्यभर गप्प राहूनच ते पेलले असते.

दोन आठवड्यांनी ते दोघे महावीर उद्यानातील पोलिश स्मारकस्तंभ पाहून परस्पर दवाखान्यात आले. मुलाचे पोट दुखायचे थांबले होते, झोप अजून अधूनमधून मोडत होती. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे एक स्मारक आहे, असे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि आजोबांकडे वळून म्हणाला, "आणि सिंध्यांची हान्या कोण?"

आजोबांनी ती गोष्ट अजून रचलेली नाही. गांधीनगरातील आपल्या जुन्या कापडवाल्या मित्राला ते त्यासाठी भेटणार आहेत.