पाचामुखी परमेश्वर, पण पाचही बोलले तर!

'पाचामुखी परमेश्वर' असे आपण सहज म्हणतो. चार डोकी एकत्र आली की निर्णय चुकत नाही, असा त्यामागचा विश्वास. तो खरा ठरतो, पण एका अटीवर.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ मध्ये एका पशुमेळ्यातील स्पर्धेचा हिशेब मांडला. बैल कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, याचे ७८७ अंदाज चिठ्ठ्यांवर आले होते. ते क्रमाने लावल्यावर मधला आकडा निघाला १२०७ पौंड. प्रत्यक्षात वजन भरले ११९८ पौंड. फरक एक टक्क्याहूनही कमी! कारण प्रत्येकाने आपला अंदाज स्वतंत्रपणे लिहिला होता.

समोरासमोर बसल्यावर मात्र चित्र बदलते. अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रेघांची लांबी ओळखण्याचे सोपे प्रयोग केले. गटातील इतरांना मुद्दाम चुकीचे उत्तर देण्यास सांगितले होते. तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी, डोळ्यांना दिसत असलेले सोडून, इतरांची री ओढली. मात्र गटात एक जरी जण खरे बोलला, की ही री ओढणे खूपच कमी झाले.

खऱ्या आयुष्यात याची किंमत मोठी असते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जम्बो जेट धडकून ५८३ जण दगावले. कारणे अनेक होती. पण डच विमानातील फ्लाइट इंजिनिअरने 'समोरचे विमान बाजूला झाले नाही का?' अशी शंका काढली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ठाम उत्तर दिले आणि विषय तिथेच संपला. पुढे विमान कंपन्यांनी कनिष्ठांना बोलायचे आणि कॅप्टनना ऐकायचे प्रशिक्षण सुरू केले.

हाच धडा ऑपरेशन थिएटरमध्येही पोचला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी दिली. चिरा देण्यापूर्वी सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स अशा प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, रुग्ण आणि शस्त्रक्रियेची जागा एकत्र पडताळायची. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे शंका काढायला कचरत नाही, हा त्यामागचा विचार. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांच्या अभ्यासात यादी वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

घरात कोणाच्या ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा असो की सोसायटीच्या बैठकीत खर्चाचा, काही साध्या गोष्टी करता येतात. चर्चेआधी प्रत्येकाने आपले मत कागदावर लिहावे. आधी धाकट्यांनी बोलावे, थोरल्यांनी शेवटी. 'यात काय चुकू शकेल?' हे विचारण्याचे काम एकाकडे मुद्दाम सोपवावे. सगळ्यांनी झटकन माना डोलावल्या, तर निर्णय एक दिवस पुढे ढकलायला हरकत नाही.