घडीतला शांतिसंदेश

पावसाळ्यात सातारा-सांगलीच्या वाहत्या ओहळांत कागदी होड्या सोडणारी मुले जी घडीकला जाणतात, तिलाच जपानमध्ये ओरिगामी म्हणतात. कात्री नाही, गोंद नाही. कागद न दुखावता आकार घडतो. डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांच्या ‘मजेदार ओरिगामी’ने मराठी मुलांना तिची गोडी लावली.

हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ती गेली. बरे होण्याच्या आशेने रुग्णशय्येवर तिने कागदी क्रौंच घडवले होते. तेथील बालशांती स्मारकाला (१९५८) आजही जगभरातील मुले क्रौंच अर्पण करतात.

पर्युषणातील एका सायंकाळी नातवंडांसह एक क्रौंच घडवावा आणि सादाकोची कथा सांगावी. अहिंसेचा अर्थ वेगळा समजावावा लागणार नाही.